तीन खांद्यांची रिंग

गोल म्हणजे काय, असं मला आता कोणी विचारलं तर मी चिडतो. पूर्वी चिडत नव्हतो. पूर्वी मी उत्तर द्यायचो, आणि तेही समोरच्याला वेड्यात काढून. शहापूरला हायवेच्या कडेला आमचं सिमेंटच्या रिंगांचं काम आहे. विहिरीच्या रिंगा, संडासाच्या खड्ड्याच्या रिंगा आणि त्यांची झाकणं. लोखंडी साच्यात माल भरायचा, दुसऱ्या दिवशी साचा सोडायचा, मग आठ-दहा दिवस रिंगेवर ओली पोती टाकून पाणी मारत राहायचं. साचा माझा, पाणी बायकोचं. लग्न झाल्यापासून वाटणी हीच.

रिंग गोल आली की नाही हे पाहायची आमच्या धंद्यात एकच रीत. रिंगेच्या आतल्या तोंडाएवढी बांबूची काठी तोडून ठेवायची, रिंगेत आडवी धरायची आणि चारी बाजूंनी फिरवायची. दोन्ही टोकं सगळीकडे टेकली की रिंग गोल. बापानं असंच केलं, त्याचं पाहून मी केलं. माझी काठी हाताच्या घामानं काळी पडली होती आणि माझा बायकोपेक्षा जास्त भरवसा त्या काठीवर होता. हे मी गमतीनं लिहीत नाही.

दोन वर्षांपूर्वी जुना साचा गंजून गेला. नवा मी वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला. जुना दोन पत्र्यांचा होता, हा तीन पत्र्यांचा. तिन्ही पत्रे वाकवून कडेला बोल्ट लावायचे. सोडायला सोपा, उचलायला हलका. मी खूश होतो. आता कळतं की पत्रे जरा कमी वाकवले होते. पण कमी म्हणजे किती, तर डोळ्याला दिसू नये इतकेच.

नव्या साच्याच्या पहिल्या रिंगा निघाल्या तेव्हा उन्हाळा होता. बायको पाणी मारत होती. पाणी लवकर उडू नये म्हणून तिनं जुन्या साच्याचं एक झाकण ओढत आणून नव्या रिंगेवर ठेवलं आणि मला हाक मारली.

“इकडे या बरं. हे झाकन नीट बसून नाही राहिलं. तीन जागी रिंग बाहेर येते, तीन जागी झाकन.”

“झाकन वाकडं असन.”

“झाकन जुन्या रिंगेवर बराबर बसते. पाहिलं मी. ही रिंगच गोल नाही.”

त्याच वेळी आसगावचा एक शेतकरी रिंगा घ्यायला आलेला. खाटेवर बसून चहा पीत होता, कान आमच्याकडे. गिऱ्हाइकासमोर माझी बायको माझ्या मालाला नाव ठेवते म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. मी काठी आणली, रिंगेत घातली, एक पूर्ण फेरी फिरवली. सगळीकडे टेकली. कुठं बोटभर इकडे-तिकडे झालं असेल, पण तेवढं सिमेंटात असतंच.

“आता बोल. काठी खोटं बोलते का? पोळी गोल येत नाही तुले, अन् मले गोल शिकवून राहिली!”

शेतकरी हसला. मीही हसलो. ती हसली नाही. तिनं पाइप उचलला आणि पुढच्या रिंगेवर पाणी मारायला गेली. खरं सांगायचं तर तिच्या पोळ्या चांगल्या गोल असतात. मी खातो ना रोज.

त्या शेतकऱ्याचं शेत नदीकडच्या अंगाला. वरचा थर चिकण मातीचा, खाली वाळू, वाळूत पाणी. उन्हाळी भाजीला पुरेल एवढी छोटी विहीर त्याला हवी होती. अशा जागी काम कसं होतं ते सांगतो. आधी मातीत पुरुषभर खोल, ऐसपैस खड्डा घ्यायचा. त्याच्या तळाशी रिंग ठेवायची, तिच्यावर दुसरी. मग एका माणसानं रिंगेच्या आत उतरून पायाखालची वाळू काढत राहायचं. वाळू निघते तशी रिंग आपल्या वजनानं खाली बसते. ती बसली की वर पुढची. आत उतरणारा माणूस मीच. वर तीन लाकडी बल्ल्या बांधून त्यांच्यावर चाक, चाकावर दोर, दोराला बादली, आणि दोर बायकोच्या हातात.

कामाच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चार रिंगा झाल्या होत्या. दीड-दीड फूट उंचीच्या, म्हणजे सगळ्या मिळून माझ्या डोक्याच्या वर. खालच्या दोन पूर्ण वाळूत गेलेल्या, वरच्या दोन बाहेरच्या मोठ्या खड्ड्यात उभ्या. त्या कलू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी जाड बल्ल्या रोवल्या होत्या. आतून काढलेली वाळू लांब न्यायचा कंटाळा, म्हणून ती रिंगेच्या भोवती खड्ड्यातच टाकत होतो. ओली, पाणी धरलेली वाळू. सगळेच तसं करतात.

मी खाली वाकून बादली भरत होतो. तळ रिंगेखाली आणखी फूटभर खणला होता, त्यामुळे उभं राहिलं की छातीशी येणाऱ्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या रिंगेच्या सांध्यात कट् असा आवाज झाला. खपली पडली. मग भोकातून वाळू यायला लागली, गव्हाच्या कोठीचं तोंड उघडावं तशी. मी हातानं दाबायला गेलो तर उजवीकडे दुसरी खपली पडली. पाठीमागे तिसरी. बाहेर टाकलेली सगळी ओली वाळू पाण्यासकट आत यायला निघाली. मी पाय उचलायला गेलो आणि उचलता आला नाही. गुडघ्यापर्यंत भरलं होतं.

ओली वाळू पायाला धरते. जे नदीत रुतलेत त्यांना ठाऊक आहे. ओढाल तितकी घट्ट होते. आणि इथे तर तीन फुटांच्या रिंगेत मी उभा, कोपर पसरलं तरी सिमेंटाला घासतं, वाकायला जागा नाही, बसायला जागा नाही. वर पाहिलं तर गोल आभाळ आणि त्यात बायकोचं डोकं.

“काय झालं? बादली काहून नाही येऊन राहिली?”

 मी सांध्यावरून हात फिरवत होतो. खालच्या रिंगेचा काठ एका जागी दोन बोटं बाहेर आलेला. हात पुढे नेला, तिथे वरची रिंग बाहेर आणि खालची आत. पुढे परत खालची बाहेर. असा मी पूर्ण फेरी हात फिरवला. तीन जागी खालची बाहेर, तीन जागी वरची. तीन पत्रे, तीन सांधे, तीन खांदे. रिंगेला तीन बोथट खांदे होते आणि मी एकीवर एक रिंग कशाही तोंडानं रचली होती. खांद्यावर खांदा आला नव्हता, खांद्यावर सपाट बाजू आली होती. तीन बोटं जाडीच्या भिंतीतलं जेमतेम बोटभर टेकत होतं, तेच तुटलं.

आणि काठी? तिचंही तिथंच कळलं राजेहो. जिथं एकीकडे खांदा बाहेर येतो, तिथं बरोब्बर समोर भिंत सपाट होऊन आत बसते. एकीकडे जेवढं वाढलं तेवढंच समोर घटलं. काठीला दोन्ही मिळून तीन फूटच सापडणार, कुठूनही फिरवा. काठी खोटं बोलली नव्हती. तिला विचारायचं होतं एक आणि मी विचारलं होतं दुसरंच.

“मिस्त्री!” वरून शेतकरी ओरडला. “काय झालं हो?”

आता मी जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मला सगळं कळलेलं होतं. वाळू गुडघ्याला होती. आणि मी ओरडलो, “काही नाही जी! तुमची वाळूच खराब हाय!”

कारण काय, तर तो माणूस खाटेवर बसून हसला होता. त्याच्यासमोर कसं म्हणायचं की बायको बरोबर होती? चोर तो चोर, वर शिरजोर.

त्यांनी दोर सोडला. मी काखेतून बांधला. शेतकरी, त्याचा भाऊ, त्याची बायको आणि माझी बायको, चौघांनी मिळून ओढलं. माझे खांदे उखडतील असं वाटलं, पाय तसूभर हलले नाहीत. मी बोंबललो, “सोडा! मरतो ना मी!” त्यांनी सोडलं. मांड्या बुडाल्या होत्या.

मग ते खड्ड्यात उतरून बाहेरून फावड्यानं वाळू उपसायला लागले. पण एक फावडं काढलं की कडेची दोन घसरून येत. वरची रिंग उचलून बाजूला करू का, असं शेतकऱ्यानं विचारलं. मी नको म्हटलं. वरचं वजन हटलं असतं तर सगळा सांधाच उघडला असता आणि मी डोक्यापर्यंत गाडला गेलो असतो. भावानं पवनीच्या पोलिसांना फोन लावला, मदतीची माणसं निघाली असं तिकडून कळलं. निघाली म्हणजे निघाली, पोचली नव्हती. माझ्या कमरेभोवती थंडगार वाळू आवळत चालली होती आणि डोक्यावर मे महिन्याचं ऊन. खाली गारठा, वर भट्टी. श्वास घेताना पोट पुढे यायला जागा राहिली नव्हती.

मी पुन्हा तेच म्हटलं. “वाळूचा दोष हाय. वाळूत दम नाही.”

“थांबा, रिंग पाहतो,” शेतकरी म्हणाला. बिचारा मदतच करत होता. त्यानं माझी काठी आणली, वरच्या रिंगेत आडवी धरली आणि फिरवली. माझ्या डोक्यावर ती काळी काठी घड्याळाच्या काट्यासारखी फिरताना मी पाहिली. “मिस्त्री, काठी तर बराबर फिरते. रिंग गोल हाय.”

माझंच वाक्य वरून माझ्या डोक्यावर पडलं. गर्वाचं घर खाली म्हणतात. माझं सात फूट खाली होतं.

वाळू कमरेच्या वर आली तेव्हा मला रडू फुटलं. मरायची भीती होतीच, पण त्याहून जास्त हे वाटलं की मी असाच गेलो तर ती जन्मभर म्हणेल, मी सांगितलं होतं, आणि कोणी तिचं खरं मानणार नाही, कारण काठी गोल म्हणते. मी तिला हाक मारली.

“ऐकून राहिली का?”

“हाव. बोला.”

“तू म्हनत होती तेच खरं हाय. रिंग गोल नाही. तीन खांदे हायेत तिले. मले मघाच कळलं होतं, मी बोललो नाही. आता ऐक. वरच्या दोन्ही रिंगा फिरवा. खांद्यावर खांदा आला की सांधा बंद होते.”

शेतकऱ्यानं वरून वाकून पाहिलं. मग शेतकरी म्हणाला, “अहो, गोल रिंग फिरवून काय होईल? उन्हानं चक्कर आली मिस्त्रीले.”

“गोल नाही थे,” बायको म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. “मी पाहिलं हाय. तुमच्या समोरच सांगतलं होतं, भाऊ. तवा तुमी हासले.”

मग ती माझ्याशी बोलली. “खालच्या रिंगेचा खांदा कुठं हाय, ठोकून दाखवा.”

माझ्या हातात टिकाव नव्हता, तो वाळूत गेला होता. मी बादलीची कडी काढली आणि खालचा खांदा जिथं होता, त्याच्या वर तिसऱ्या रिंगेला आतून ठोकलं. ती बाहेरून कान लावून सरकत आली. “इथं?” “इथंच.” तिनं शेतकऱ्याच्या हातातून काठी घेतली आणि खूण म्हणून त्या जागी वाळूत रोवली. मग तिसऱ्या रिंगेवर तळहात फिरवत तिचा खांदा शोधला. तो काठीपासून हातभर लांब होता.

“कोनत्या बाजूनं फिरवू?”

“कोनत्याबी! तिन्ही खांदे सारखेच हायेत. लवकर कर!”

त्यांनी तिसऱ्या रिंगेला दोर गुंडाळला; चौथी तिच्यावर बसूनच फिरणार होती. दोघं दोर ओढत होते, दोघी लोखंडी सब्बल लावून रेटत होत्या. मला एकच धास्ती होती, ती बल्ल्यांची. रिंग दोन बल्ल्यांच्या मधे घट्ट बसवलेली. वाकडी रिंग फिरायला लागली की खांदा बल्लीला अडेल, असं वाटत होतं. नाही अडला. एका बल्लीकडे खांदा आला की दुसऱ्या बल्लीकडे सपाट बाजू येत होती. रुंदी कुठूनही तेवढीच. ज्या गुणानं काठीला फसवलं होतं, त्याच गुणानं ती रिंग त्या बल्ल्यांतून फिरली.

करकर करत दगडासारखी हलत होती. माझ्या छातीसमोरचा काठ सरकताना मला दिसत होता. दोन बोटं. एक बोट. “आणखीन!” मी ओरडत होतो. “आणखीन थोडं!” मग काठाला काठ मिळाला आणि वाळूचा लोंढा कमी झाला, मग धार झाली, मग नुसतं पाणी पाझरायला लागलं. तुटलेल्या जागी मी माझा गळ्यातला दुपट्टा कोंबला. वाळू छातीच्या दोन बोटं खाली थांबली होती.

पुढे दोन तास मी वाटीएवढ्या डब्यानं माझ्याच भोवतीची वाळू काढत होतो. पवनीची माणसंही तोवर आली आणि त्यांनी चांगली मदत केली. वर आलो तेव्हा पाय माझे नव्हते. शेतकऱ्याच्या बायकोनं पाणी दिलं. माझी बायको बाजूला बसली, माझ्या पायावरची वाळू पुसत.

“पहिल्यांदा विचारलं, तवा वाळू कुठं होती?” तिनं विचारलं.

“गुडघ्याले.”

“अन् सांगतलं तवा?”

“कमरेच्या वर.”

तिनं उरलेली वाळू पुसली आणि दोर गुंडाळायला उठली. 

बपेऱ्याच्या एका गिऱ्हाइकाला त्याच साच्याच्या सहा रिंगा गेल्या होत्या. त्या अजून जमिनीवरच होत्या, देवाची कृपा. दुसऱ्याच दिवशी गाडी करून परत आणल्या. आसगावच्या विहिरीला जुन्या पद्धतीचा साचा करून नव्या रिंगा दिल्या आणि त्या शेतकऱ्याला सगळं खरं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, “मीबी काठीच फिरवली ना, मिस्त्री.”

तीन पत्र्यांचा साचा मी भंगारात द्यायला निघालो होतो. बायकोनं अडवलं. ती म्हणाली, याची झाकणं करा. खड्ड्याला लोक चौकोनी फरशीची झाकणं करतात. ती कोपऱ्याकडून तिरपी झाली की सरळ आत पडतात. गोल झाकण आत पडत नाही, पण कोणी पाय दिला की जागच्या जागी फिरतं. तीन खांद्यांच्या तोंडावर तीन खांद्यांचं झाकण बसवलं तर ते कसंही उभं-आडवं धरा, आत पडत नाही, आणि खाचेत बसलं की फिरतही नाही. आता आमची झाकणं तशीच असतात. लोक विचारतात, हे काय नवीन. मी बायकोकडे बोट दाखवतो.

एकदा झाकण न्यायला शाळेचे एक गुरुजी आले. त्यांनी सांगितलं की या आकारांचं गणितच आहे, सारख्या रुंदीचे आकार म्हणतात, आणि असं तीन खांद्यांचं पातं फिरवून चौकोनी भोकसुद्धा पाडतात. चौकोनी म्हणजे अगदी चौकोनी नाही, कोपरे जरा बोथट राहतात, असंही ते म्हणाले. मग त्यांनी परत आणलेल्या दोन रिंगा आडव्या लोळवत आणायला लावल्या, त्यांच्यावर फळी ठेवली, फळीवर भरून चहाचा कप ठेवला आणि फळी ढकलली. रिंगा घरंगळल्या, फळी सरळ गेली, चहाचा थेंब सांडला नाही. सगळ्यांना फार मजा वाटली. मी घरात गेलो. मला कमरेभोवती काहीतरी आवळल्यासारखं झालं होतं. तसं अजून होतं, शर्ट घालताना डोकं अडकलं तरी होतं.

काठी अजून आहे, पण रिंग गोल आहे असं आता मी म्हणत नाही. बायको दोन रिंगा एकीवर एक ठेवायला लावते, वरची हळूहळू पूर्ण फिरवायला लावते आणि सांध्यावर तळहात ठेवून बसते. कुठंच काठ हाताला लागला नाही तर म्हणते, हाव, गोल हाय. मग माल जातो.

आणि विहिरीत मी अजून उतरतो, कारण उतरणारं दुसरं कोणी नाही. प्रत्येक वेळी काठावर पाय ठेवला की ती दोर हातात घट्ट धरून विचारते, “सांगा, काही लपवलं तर नाही ना?” मी नाही म्हणतो. ती जरा वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहते. मग दोर सैल सोडते.